घडी घातलेली नोटीस

परवा जुम्म्याच्या नमाजनंतर कळमनुरीत ओळखीच्या एका चाचांनी मला बाजूला घेतलं. खिशातून घडी घातलेला कागद काढला. "बेटा, बेलीफ आके घर खाली करेंगा क्या?" शिलाई मशीनसाठी काढलेलं बिनतारणी कर्ज. नोटबंदीत धंदा बसला, 2016 नंतर एकही हप्ता गेला नाही. आता वसुलीचा कागद आला होता आणि चार दिवस त्यांनी तो घरातसुद्धा दाखवला नव्हता.

कागद कोर्टाचा नव्हताच. वसुली एजंटाचं पत्र होतं, फक्त भाषा कोर्टासारखी.

आपल्याकडे कर्जापेक्षा कर्जाची लाज जास्त छळते. लाजेपोटी माणूस कागद लपवतो आणि त्या अंधारात एजंटचं फावतं. म्हणून काही गोष्टी मोठ्याने बोलायला हव्यात. दावा आणि कोर्टाचा हुकूम यांशिवाय बेलीफ जप्तीला येत नाही. आला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औजारं जप्त होत नाहीत. कलम 62 प्रमाणे जप्तीसाठी सूर्यास्तानंतर घरात शिरता येत नाही. पडदा पाळणाऱ्या बाईला आधी बाजूला होण्याची संधी द्यावी लागते. हा कायदा 1908 चा आहे. आणि ऐपतच नसलेल्या माणसाला केवळ कर्जासाठी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये सांगितलं आहे.

अशा साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची. चाचांची ती कधीच संपली होती. पण "पाचशे भरा, इथे सही करा" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. मुदत संपल्यावरही फेडण्याचं लेखी वचन सही करून दिलं, तर तो नवा करार ठरतो.

मग चाचांनी पैसे बुडवावेत का? माझं उत्तर नाही असंच आहे. मुदत संपली की कोर्टाचा दरवाजा बंद होतो, देणं संपत नाही. ज्याच्याकडे आहे त्याने द्यावं. तारीख उलटली म्हणून हात झटकणं ही चलाखी झाली. पण ज्याच्याकडे नाही त्याचं काय? सूरह बकराच्या 280 व्या आयतीत तंगीतल्या कर्जदाराला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्यायला सांगितलं आहे, आणि सोडून देणं त्याहून चांगलं म्हटलं आहे. कर्जदाराला टोमणे मारताना आपण हे सोयीस्कर विसरतो.

आणखी एक गोष्ट विसरतो. जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. रमजानमध्ये आपण दारावर येणाऱ्याला देतो. कर्जदार दारावर येत नाही, तो कागद लपवून घरात बसतो. मोहल्ल्यातली दोन शिकलेली पोरं आठवड्यातून एकदा असे कागद वाचून देतील, गरज पडल्यास तालुका विधी सेवा समितीपर्यंत सोबत जातील, आणि जकातीतला एक हिस्सा अशा घरांसाठी ठेवला जाईल, एवढं जमायला काय हरकत आहे?

चाचांनी कागद परत घडी करून खिशात ठेवला. या वेळी घरी जाऊन दाखवतो म्हणाले.