रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस



गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर विहाराबाहेर चपला घालत होते. एक मावशी बाजूला येऊन थांबल्या. बाकीच्या बायका पुढे गेल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या गालाच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवलाय. आज नऊ दिवस झाले. डोळ्याला डोळा नाही. घरात कुणाला सांगितलं नाही." त्यांनी ब्लाऊजमधून केसपेपर काढून दाखवला. घामाने मऊ पडलेला, घडीवर फाटायला आलेला. नऊ दिवस तो तसाच अंगावर वागवत त्या चार घरची धुणीभांडी करत होत्या.

मी विचारलं, रिपोर्ट किती तारखेला मिळणार? त्यांना माहीत नव्हतं. "आठ-पंधरा दिवसांनी या" एवढंच खिडकीवर सांगितलं होतं. पेपरवर तारीख नव्हती.

त्या क्षणी माझ्याही ओठांवर तेच आलं जे आपण सगळे म्हणतो: "काही होत नाही मावशी, धीर धरा." मी ते गिळलं. कारण हेच मला एकदा कुणीतरी म्हटलं होतं आणि मला त्या माणसाचा राग आला होता.

२०१९ साली आंघोळ करताना माझ्याच डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. वॉर्डातली नोकरी सोडून मी वस्तीत कामाला लागले होते, पण नर्सिंगचा डिप्लोमा आणि इतक्या वर्षांची ड्युटी पाठीशी होती. सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढला, आणि त्यानंतर बारा दिवस मी माणसात नव्हते. दिवसातून वीसदा गाठ चाचपायची. चाचपून चाचपून ती जागा सुजायची, दुखायची, की वाटायचं गाठ वाढली. रात्री दोन वाजता उठून पेटीतले विम्याचे कागद लावत बसायची. लेकीची दहावी होती. तिला काही कळू द्यायचं नाही म्हणून तिच्यावरच खेकसायची. दुसऱ्यांना शेकडो वेळा समजावलेलं एकही वाक्य माझ्या कामाला आलं नाही. नवव्या दिवशी जुन्या वॉर्डातल्या एका मैत्रिणीने लॅबमध्ये चौकशी करून सांगितलं, "बुधवारी तीन वाजता रिपोर्टवर सही होईल." गाठ साधी की वाईट, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तरी त्या रात्री मी झोपले. पुढे गाठ साधी निघाली. पण झोप मला निकालाने दिली नव्हती, तारखेने दिली होती.

माझी मैत्रीण आत ओळखीची होती. मावशींची आत कोण आहे?

म्हणून या वेळी या पानावर आजाराबद्दल नाही, आजाराआधीच्या दिवसांबद्दल लिहिते आहे. कॅन्सर आहे असं कागदावर आलं की निदान एक रस्ता सुरू होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र असतो, वॉर्ड असतो, डॉक्टरची पुढची तारीख असते. नाही असं आलं की घरात सुटकेचा श्वास. पण ज्याला अजून काहीच कळलेलं नाही तो कुणाचाच नसतो. तो रुग्ण नाही, म्हणून त्याला खाट नाही. योजनाही त्याच्यासाठी नाही, कारण उपचाराच्या मंजुरीलाच बायोप्सीचा रिपोर्ट लागतो. आणि माझा अनुभव असा की याच दिवसांत आपली माणसं वाटेवरून सुटतात.

आमच्या लाईनीतले एक दादा. जिभेच्या कडेला जखम, गुटख्याची सवय. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तो आमच्या नाक्यावर कसा मिळतो, ते पुन्हा कधीतरी.) बायोप्सी झाली, पण रिपोर्ट आणायला ते गेलेच नाहीत. म्हणायचे, "कागद हातात नाही तोवर मला काही नाही." चार महिने त्यांचा रिपोर्ट खिडकीमागच्या फाईलीत पडून होता आणि ते झाडपाल्याच्या पुड्या घेत होते. आपल्या घरात आता भगत-देवऋषी येत नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. भीतीच्या रात्री तो मागच्या दाराने येतो, हे मी पाहिलं आहे. शेवटी बायकोने रिपोर्ट आणला तेव्हा मानेत गाठी आल्या होत्या. ऑपरेशन फार मोठं झालं. दादा आज आहेत, पण त्यांचं बोलणं फक्त घरच्यांना कळतं.

त्यांना आळशी म्हणू नका, अडाणी तर मुळीच नको. दादा बारावी शिकलेले आहेत. ते भ्याले होते, आणि भ्यालेल्या माणसाला चार महिन्यांत एकानेही फोन केला नाही की तुमचा कागद तयार आहे.

आता या दिवसांत लॅबमध्ये काय चालतं ते सांगते, कारण माहिती नसली की मन वाईटच चित्र रंगवतं. काढलेला तुकडा आधी फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याच्या केसाहूनही कितीतरी पातळ चकत्या कापतात, काचेवर घेतात, गुलाबी-जांभळा रंग देतात, आणि मग पॅथॉलॉजीचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. यालाच काही दिवस जातात. कधी डॉक्टर आणखी खास रंगाची तपासणी लावतात, कधी दुसऱ्या डॉक्टरला काच दाखवतात, कधी तुकडा कमी पडला म्हणून परत बोलावतात. मोठ्या सरकारी दवाखान्यात शेकडो तुकडे रांगेत असतात. म्हणून "उशीर झाला म्हणजे वाईटच आलं असणार" हा हिशोब चुकीचा आहे.

सुरी लागली की कॅन्सर पसरतो, हे तर मला प्रत्येक चाळीत ऐकू येतं. बायोप्सीमुळे कॅन्सर पसरतो म्हणून ती टाळणं हे नुकसानीचं आहे. बायोप्सीशिवाय डॉक्टरला नेमका उपचार ठरवताच येत नाही. तुकडा काढलेल्या जागी थोडी सूज, काळंनिळं, ठणका दोन-चार दिवस राहतो. तो जखमेचा असतो.

आणखी एक भीती: "मी इथे वाट बघतेय आणि ते आत वाढतंय." स्तनाची, तोंडाची, गर्भाशयाच्या मुखाची बहुतेक दुखणी रिपोर्टच्या एक-दोन आठवड्यांत हाताबाहेर जात नाहीत. महिने घालवले तर जातात. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये घाई लागते, तिथे डॉक्टर स्वतःच घाई करतात. मात्र रक्त थांबत नसेल, श्वास कोंडत असेल, पाणीही गिळता येत नसेल, थंडी वाजून ताप भरला असेल, तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

स्तनातल्या दहा गाठींपैकी साधारण आठ साध्या निघतात, हे खरं आहे. पण घाबरलेल्या बाईला हा आकडा सांगून बघा. ती म्हणते, मी उरलेल्या दोघींतली असेन तर? तिला गप्प बसवायला आकडे वापरू नका. तिला काय वाटतंय ते आधी ऐका. छाती धडधडणं, तोंड कोरडं पडणं, पोटात कालवणं, वारंवार संडासला लागणं हे सगळं भीतीने होतं. ते नव्या आजाराचं लक्षण असेलच असं नाही, एवढं सांगितलं तरी पुष्कळ बायकांचा चेहरा सैल होतो.

सांगायचं कुणाला, हा आपल्या वस्तीतला मोठा प्रश्न. पत्र्याच्या भिंती, एका घरातला खोकला चार घरांत ऐकू येतो. लेकीचं लग्न ठरायचं असतं, कामाच्या घरच्या मॅडमना कळलं तर काम जाईल अशी धास्ती असते. म्हणून सगळ्यांना सांगा असं मी म्हणणार नाही. पण एकाला तरी सांगाच. जो ऐकून घेईल आणि रिपोर्टच्या दिवशी सोबत येईल अशा एकाला.

आणि ज्यांना कळतं त्यांच्याबद्दल एक गोष्ट लिहिताना मला लाज वाटते. संशय आला एवढ्यावर घरातल्या बाईचं ताट आणि पेला वेगळा ठेवलेला मी पाहिला आहे. आपल्या घरात. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी ज्यांच्या आज्यापणज्यांनी १९२७ साली महाडला मार खाल्ला, त्यांच्या घरात. कॅन्सर एका ताटात जेवल्याने, कपडे एकत्र धुतल्याने, शेजारी झोपल्याने होत नाही. तो पेला आजच परत मांडणीत ठेवा.

दुसरी सवय म्हणजे रिपोर्ट आला की तो बाईपासून लपवायचा. मुलगा कागद वाचतो, नवरा वाचतो, दीर वाचतो, आणि जिच्या अंगातला तुकडा आहे तिला सांगतात, "साधी गाठ आहे." तिचं भलं म्हणूनच करतात, हे मला कबूल आहे. पण ती घरातल्यांचे चेहरे वाचते. मग दोन्हीकडून नाटक चालतं आणि ती भीती एकटीने सोसते. रिपोर्ट तिचा आहे. तिच्या हातात द्या, आणि तिला वाचता येत नसेल तर तिच्या शेजारी बसून वाचून दाखवा.

रात्र सर्वांत वाईट, हे मी अनुभवाने सांगते. मोबाईलवर कॅन्सरचे व्हिडिओ बघू नका, त्यातले अर्धे काहीतरी विकायला बसलेले असतात. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळण्यापेक्षा उठून बसा. विहारात शिकवतात तसं येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे थोडा वेळ लक्ष द्या. त्याने गाठ जात नाही, पण छातीतली धडधड पुष्कळदा उतरते. माझी सगळ्याच रात्री उतरली नाही, तेही सांगते. मिश्री, तंबाखू, दारू या दिवसांत हमखास वाढते. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी मागून घेऊ नका. आठवडाभर जेवण-झोप गेली असेल, किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर १४४१६ वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं.

काम सोडून घरी बसावं का? जमत असेल तर काम करत राहा. हातांना काम असलं की डोकं थोडं थांबतं. पण दवाखान्याच्या चार खेपांना चार रोज बुडतात, आणि भीतीत या पैशाचाही वाटा असतो. त्याकडे "मन खंबीर करा" असं सांगणारे लक्ष देत नाहीत.

टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षं मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. २०२१ मध्ये निकाल छापून आला: पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. (त्यात अर्ध्या बायकांना तपासणी न देता फक्त माहिती दिली गेली, त्यावर प्रश्न उठले आणि ते रास्तच होते.) म्हणजे तपासणी आपल्या वस्तीत उपयोगी पडते. आता सरकारही तिशीच्या पुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करा म्हणतं. चांगलं आहे. पण तपासणी वाढली की वाट बघणारेही वाढणार. त्यांच्यासाठी काय केलं आहे? माझी मागणी मोठी नाही. तुकडा काढला की केसपेपरवर रिपोर्टची तारीख, खिडकी आणि लॅबचा नंबर लिहून द्या. उशीर होणार असेल तर फोन करा. आणि रिपोर्ट खिडकीतून कागदासारखा पुढे सरकवू नका, खुर्चीवर बसवून सांगा. याला नवं मशीन लागत नाही.

तोवर आपण आपलं करू. बायोप्सीच्या टेबलवरून उठलात की तारीख विचारल्याशिवाय बाहेर पडू नका. पुन्हा विचारायला संकोच करू नका. कपाळावर आठी घालतील, घालू द्या. केसपेपरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आमच्या विहारातल्या महिला मंडळाच्या चौघी आता पाळीपाळीने रिपोर्टच्या दिवशी सोबत जातात. सल्ला देत नाहीत, बाकावर बसतात.

मावशींसोबत मी सोमवारीच खिडकीवर गेले. कारकून वैतागला, पण नंबर सापडला. डॉक्टरांनी आणखी एक तपासणी लावली आहे, रिपोर्ट येत्या मंगळवारी. मी ती तारीख त्याच्याच पेनाने केसपेपरवर लिहून घेतली. घरी मावशींनी सुनेला सांगितलं. सून आधी चिडली, "मला का नाही सांगितलं आत्या?" आणि मग तिने मिश्रीची डबी उचलून फेकून दिली. मावशी त्या रात्री पाच तास झोपल्या म्हणे.

हे लिहिते आहे तेव्हा शनिवार आहे. मंगळवारी सकाळी सात वाजता आम्ही तिघी नाक्यावरच्या बसस्टॉपवर भेटणार आहोत. सुनेने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आहे, डबा मी आणणार आहे.