बोट दाखवणाऱ्यांना उत्तर देणारे गाणे

वाचकहो, या वेळी आम्ही एका इंग्रजी गाण्याविषयी लिहीत आहोत. आपल्या घराशी त्याचा काय संबंध, असे कुणी विचारील. म्हणून आधी एक प्रसंग सांगतो.

अमेरिकेत आर. जे. पॅलासिओ नावाच्या बाई पुस्तकांची मुखपृष्ठे करीत असत. एकदा त्या आपल्या दोन मुलांना घेऊन आइस्क्रीमच्या दुकानी गेल्या. तेथे जवळच एक लहान मुलगी बसली होती. तिच्या चेहऱ्याची घडण जन्मतःच वेगळी होती. तिला पाहून बाईंचा धाकटा मुलगा रडू लागला. त्या मुलीला वाईट वाटू नये म्हणून बाईंनी घाईघाईने मुलांना घेऊन काढता पाय घेतला. पण नंतर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपल्या पळण्याने त्या मायलेकींना किती लागले असेल? त्याच रात्री रेडिओवर एक गाणे लागले. त्याचे नाव 'वंडर', म्हणजे नवल. ते ऐकले आणि बाई लिहायला बसल्या.

हे गाणे नॅटली मर्चंट यांचे. जन्म 1963 चा, न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउन या गावचा. लहान वयातच त्यांनी अपंग मुलांच्या शिबिरात काम केले होते आणि पुढे अशा मुलांची शिक्षिका व्हावे असे त्यांच्या मनात होते. पण 1981 साली त्या गावातल्याच एका बँडमध्ये गाऊ लागल्या. तोच पुढे 'टेन थाउजंड मॅनिअ‍ॅक्स' या नावाने गाजला. बाजारी गाण्यांपेक्षा वेगळ्या वाटेने जाणाऱ्या या संगीताला 'अल्टरनेटिव्ह रॉक' म्हणतात. घरात मार खाणारे मूल, वाचता न येणारा प्रौढ माणूस, असे विषय या बँडच्या 1987 च्या अल्बममध्ये आहेत.

बारा वर्षांनी, 1993 साली, नॅटलीबाईंनी बँड सोडला. नाव झालेले, मिळकत चालू असलेली, तरी सोडला. पुढचा अल्बम 'टायगरलिली' त्यांनी स्वतःचा पैसा घालून काढला, कारण काय गावे हे कंपनीने सांगू नये. तो 1995 साली निघाला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या पन्नास लाखांवर प्रती गेल्या. अल्बममधले एखादे गाणे निवडून वेगळे काढतात, त्याला 'सिंगल' म्हणतात. 'वंडर' हे त्यातले दुसरे सिंगल. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते विसाव्या क्रमांकापर्यंत चढले.

गाण्यात बोलते ती जन्मतःच वेगळी असलेली मुलगी. तिला पाहून डॉक्टरांना कोडे पडते, लोक थबकतात. पण ती रडत नाही, दया मागत नाही. मी नवल आहे, असे ती ताठ मानेने सांगते. प्रेम, धीर आणि श्रद्धा यांच्या बळावर ती आपली वाट काढील, असे गाण्यात म्हटले आहे. लोक 'नवल' म्हणतात ते बोट दाखवून. हे गाणे तोच शब्द पोरीच्या हाती अभिमानाने देते. या गाण्याचे मोल आम्हाला येथे वाटते.

पॅलासिओबाईंची कादंबरी 2012 साली आली. तिचे नावही 'वंडर'. दहा वर्षांचा ऑगी प्रथमच शाळेत जातो आणि मुले त्याच्या स्पर्शालाही बिचकतात, अशी ही कथा. 2017 साली त्यावर सिनेमा निघाला. मात्र ऑगीच्या भूमिकेसाठी तसा चेहरा असलेला खरा मुलगा न घेता दुसऱ्या मुलाला रंगभूषा करून उभे केले, अशी टीकाही झाली. आम्हाला ती योग्य वाटते.

आता आपल्या घराकडे वळू. असे मूल जन्मले की आपल्याकडे पहिला दोष आईच्या माथी येतो. ग्रहणात विळी हाती धरली असेल, मागच्या जन्मीचे पाप असेल, असे म्हणतात. माता-भगिनींनो, हे सारे खोटे आहे. ऑगीसारख्या चेहऱ्यामागे जनुकांतील बदल असतो. तो पुष्कळदा आईबापांपैकी कुणातही नसतो, मुलात नव्यानेच घडतो. त्यात ना ग्रहणाचा संबंध, ना कुणाचा गुन्हा.

लहान मूल वेगळा चेहरा पाहून बिचकले, तर त्यात त्याचा दोष नाही. पुढे काय करायचे हे ते आपल्याकडे पाहून शिकते. आपण तोंड फिरवले तर तेही फिरवील. म्हणून पळू नका. थांबा, हसा, त्या मुलाचे नाव विचारा आणि आपल्या मुलाचे सांगा. पॅलासिओबाईंना हे सुचायला एक रात्र लागली. आपल्याला ते आजच करता येईल.