किल्ल्या आणि वही

आमच्या गिर्यारोहण संस्थेचं अध्यक्षपद परवा काकांकडून ताईंकडे आलं. कपाटाच्या किल्ल्यांसोबत काकांनी रॉकेलचे डाग पडलेली एक वही दिली: कुठून, कशामुळे माघारी फिरलो, त्याच्या नोंदी. खरा कारभार मला त्या वहीतच दिसतो. माघार का घ्यावी लागते, ते बघा: हिवाळी हिमालयात हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. गाडल्या गेलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तरच फार आशा. तेवढ्यात बाहेरून कोण येणार? सोबत्यांनीच खणायचं. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं हवंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडमधल्या द्रौपदी का दांडा शिखरावर हिमस्खलनात प्रशिक्षणाच्या तुकडीतले २९ जण गेले, ते अजून मनातून जात नाही. ताईंनी पहिल्या सभेत ती वही मोठ्यानं वाचायला घेतली.