शब्दाची तपासणी, न्यूजरूमची नाही

७ ऑगस्ट २०१८ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना सूचना धाडली: 'दलित' शब्द टाळा, 'अनुसूचित जाती' म्हणा. निमित्त होतं नागपूर खंडपीठाच्या जूनमधल्या आदेशाचं. १९७२ मध्ये पँथरने अभिमानाने मिरवलेला शब्द नोएडाच्या स्टुडिओत उच्चारायचा की नाही, हे दिल्लीच्या पत्रकाने ठरवायचं!

मला तो उच्चारतंय कोण, याची काळजी जास्त. २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्री अहवालानुसार माध्यमांतल्या १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ सवर्णांकडे होती. अनुसूचित जाती-जमातींचं कुणीच नाही.

संशोधनासाठी मी वाहिन्यांच्या परवानगीच्या अटी वाचते. वृत्तवाहिनी काढायची तर कंपनीची २० कोटींची नक्त मालमत्ता हवी, सुरक्षा मंजुरी हवी. २०२२ पासून रोज ३० मिनिटं लोकहिताचे कार्यक्रमही हवेत. त्यांच्या विषयांत 'दुर्बल घटकांचं कल्याण' आहे. म्हणजे कल्याण आमचं, संपादक त्यांचे. न्यूजरूममध्ये कोण बसतं, हे कुणी विचारत नाही. अमेरिकेत स्टेशनमालकांचा वंश आणि लिंग दर दोन वर्षांनी प्रसारण आयोगाला कळवावं लागतं. आपल्याकडे निदान नूतनीकरणाच्या अर्जात पदनिहाय सामाजिक तपशिलाचा रकाना घाला, आणि तो भरलेला अर्ज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचू द्या.