चेर्नोबिलचं आयोडीन पोटात घ्यायचं?

थायरॉईडच्या रुग्णाला डॉक्टरांनी रेडिओआयोडीन सुचवलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, डॉक्टर सांगतात ते मुकाट्याने करा. दुसरा म्हणतो, अणुभट्टीतलं विष पोटात घ्यायचं म्हणजे काय! या दुसऱ्या तटाला अडाणी ठरवून मोकळं व्हायची सुशिक्षितांना भारी हौस. पण त्यांच्या म्हणण्यात दम आहे, आणि तो आधी मान्य केला पाहिजे.

१९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. आयोडीन-१३१ गवतावर बसलं, गाईच्या दुधात उतरलं आणि ते दूध प्यायलेल्या मुलांमध्ये पुढे थायरॉईडचा कर्करोग वाढला. दवाखान्यात कॅप्सूलमधून देतात ते हेच आयोडीन-१३१. त्याआधी अमेरिकेत ‘रेडिथॉर’ नावाचं रेडियमचं पाणी शक्तिवर्धक म्हणून खपत होतं. बाटल्यांमागून बाटल्या रिचवणारे उद्योगपती एबेन बायर्स १९३२ साली जबड्याचं हाड झडून गेले. एवढा इतिहास पाठीशी असताना लोकांनी घाबरायचं नाही, असं कोण म्हणेल?

तरीही या दाखल्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. रेडियमला शरीर कॅल्शियम समजतं आणि हाडात मुरवून ठेवतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं. आयोडीन-१३१चं अर्धायुष्य ८ दिवस, आणि ग्रंथीने न उचललेलं बहुतेक आयोडीन पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. चेर्नोबिलच्या मुलांच्या वाढत्या, निरोगी ग्रंथीतल्या पेशी किरणांनी जखमी झाल्या, पण मेल्या नाहीत. जखमी पेशी जगली, वाढली आणि बिघडली. उपचारात मात्रा ठरवतात ती पेशी मारण्यासाठीच. या आयोडीनचे बीटा कण ऊतीत जेमतेम दोनेक मिलिमीटर जातात, त्यामुळे मार बसतो तो मुख्यतः आयोडीन ओढून घेणाऱ्या पेशींना. १९४१ साली बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी अतिसक्रिय थायरॉईडवर किरणोत्सर्गी आयोडीनचा उपाय पहिल्यांदा केला. थायरॉईडच्या कर्करोगाच्या अनेक प्रकारांत पेशी फुफ्फुसात पोचल्या तरी आयोडीन ओढायची खोड सोडत नाहीत, आणि तिथेच सापडतात. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३पासून किरणोत्सर्गी औषधांच्या या शाखेचं काम चालू आहे.

दुसरा आक्षेप रुग्णापासून घरच्यांना होणाऱ्या बाधेचा. गॅमा किरण शरीराबाहेर येतात, हे खरंच. म्हणून तर मोठी मात्रा घेतलेल्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. शिशाच्या डब्यातून कॅप्सूल येते, रुग्ण ती पाण्याबरोबर गिळतो आणि कर्मचारी लांब उभे राहून मीटरवर किरणं मोजतात. संडास दोनदा फ्लश करायचा, आणि त्या खोलीचं सांडपाणीसुद्धा थेट गटारात जात नाही. किरणोत्सर्ग ओसरेपर्यंत ते टाकीत साठवतात. घरी सोडल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून अंतर ठेवायचं, एवढंच. आपल्याकडे मात्र या काही दिवसांचे महिने होतात, बाईचं ताट-वाटी कायमचं वेगळं पडतं आणि ‘आता हिला मूल व्हायचं नाही’ अशी कुजबुज सुरू होते. गरोदरपणात हे औषध देत नाहीत आणि नंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर दिवस जाऊ देऊ नका असं सांगतात, ते खबरदारी म्हणून. त्याचा अर्थ वांझपणा लावणाऱ्यांना भौतिकशास्त्राचा आधार नाही.

आता समर्थकांकडे वळू, कारण तेही काही कमी नाहीत. ‘काहीच त्रास नाही’ ही त्यांची लाडकी थाप. तोंड कोरडं पडतं, लाळग्रंथी सुजतात, ग्रेव्हजच्या आजारात (अतिसक्रिय थायरॉईडच्या एका प्रकारात) डोळ्यांचा त्रास बळावू शकतो, आणि ग्रंथी निकामी झाल्यावर थायरॉक्सिनची गोळी बहुधा जन्माची चिकटते. प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगावरच्या ल्युटेशियम-१७७ या दुसऱ्या किरणोत्सर्गी औषधाचा तर सध्या चमत्कार म्हणून गवगवा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने मध्यक आयुष्य ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर नेलं. चार महिने ही थोडकी गोष्ट नव्हे, पण रोग बरा झाला असं म्हणायला ती पुरत नाही.

तेव्हा आयोडीन नाकारायचंच असेल, तर जिथे नाकारण्यासारखं आहे तिथे नाकारा. थायरॉईडची गाठ लहान, कमी धोक्याची आणि शस्त्रक्रियेने पुरती निघालेली असेल, तर ‘याची खरंच गरज आहे का?’ असं डॉक्टरांना बेलाशक विचारा. फ्रान्समधल्या २०२२च्या चाचणीत अशा रुग्णांना आयोडीन न देताही पहिल्या तीन वर्षांत निकाल आयोडीन दिलेल्यांपेक्षा वाईट लागला नाही. पण रोग फुफ्फुसात पोचलाय आणि पेशी आयोडीन उचलताहेत, अशा माणसाला चेर्नोबिलचं नाव सांगून अडवू नका.