पाचपैकी पाच!

मंडळी, करोनाच्या काळात कॉलेजची मुले ऑनलाइन शिक्षणावर किती खूश होती, हा विषय आपल्या गप्पांत अजून निघतो. संस्थांची माहितीपत्रके तर 'विद्यार्थ्यांचे समाधान' हा शब्द आरतीसारखा म्हणतात. माझे मत स्पष्ट आहे. या समाधानाला काडीची किंमत देऊ नये. निदान त्याच्या भरवशावर आपल्या मुलांची तीन-चार वर्षे पणाला लावू नयेत.

बहरीनमध्ये शाळा-विद्यापीठे फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस बंद झाली, महाराष्ट्रात मार्चच्या मध्याला. माझा पुतण्या तेव्हा पुण्याला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होता. विमाने थांबण्याच्या जेमतेम आधी तो इथे अमवाजला पोहोचला (भावाचे बिऱ्हाड आमच्याच इमारतीत). पुण्याचा नऊचा तास म्हणजे इथे सकाळचे साडेसहा. कॅमेरा बंद, माइक बंद, अंगावर पांघरूण, पण हजेरी लागलेली! मशीन शॉपचे जर्नल लेथला हात न लावता पूर्ण झाले. सत्र संपताना कॉलेजचा फॉर्म आला, आपण किती समाधानी आहात? पठ्ठ्याने सगळीकडे पाचपैकी पाच दिले. मी कारण विचारले तर म्हणतो, "काका, कमी दिले की खाली कारण लिहावे लागते."

मी आयटीतला माणूस, असे फॉर्म गिऱ्हाइकांकडून मीही भरून घेतो. त्यामुळे त्यांची नस मला ठाऊक आहे. फॉर्म भरतो कोण? ज्याच्याकडे नेट आहे तो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत भारतातल्या ग्रामीण घरांपैकी सुमारे १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. संगणक तर पाच टक्क्यांहूनही कमी घरांत. २०२० च्या पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या पशुवैद्यकीयच्या एका विद्यार्थिनीला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी उभारावी लागली. वर्तमानपत्रांनी तिच्या जिद्दीचे कौतुक केले, ते रास्तच. पण ज्यांच्या डोंगरावरही रेंज नव्हती, त्यांचे समाधान कोणी मोजले? ऑनलाइन शिक्षणाची पाहणी ऑनलाइन फॉर्मने करणे म्हणजे पंगतीला बसलेल्यांनाच 'आमंत्रण पोहोचले का?' असे विचारणे.

बरे, जे खूश होते ते तरी कशावर? हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना वर्गात स्वतः गणिते सोडवायला लावले, त्यांना आपण कमी शिकलो असे वाटले. गोड व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असे वाटले. चाचणीत निकाल नेमका उलटा लागला! शिकताना डोके दुखते आणि डोके दुखताना कोणी पाच तारे देत नाही.

कोणी म्हणेल, मग तेव्हा करायचे काय होते? जे केले तेच. घराला आग लागल्यावर माणूस शेजाऱ्याच्या ओसरीवर झोपतो, त्यात गैर काही नाही. रेकॉर्ड केलेले व्याख्यान तीनदा ऐकता येते, ही सोयही मोठी आहे. प्रोग्रॅमिंगचे कितीतरी नवे विषय मी स्वतः आजही असेच शिकतो. माझे भांडण ओसरीलाच घर म्हणणाऱ्यांशी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त संस्थांच्या ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या ठरवल्या. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय त्यातून वगळले आहे हे नशीब. पण बीकॉम, बीबीए, बीसीए घरबसल्या मिळते. आखातातल्या आपल्यासारख्या पालकांना हा हिशेब फारच गोड वाटतो. वसतिगृह नाही, विमानाचे तिकीट नाही आणि पोर डोळ्यांसमोर.

त्या पोराचे काय? मी परदेशात मास्टर्स केले. त्यातला निम्मा अभ्यास रात्री लॅबमध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या पोराशी भांडून झाला. अठरा वर्षे आईच्या हातचे जेवलेल्या मुलाने पुढची तीनही तिथेच, त्याच खोलीत काढायची? ज्याला नोकरी सांभाळून शिकायचे आहे, त्याने जरूर ऑनलाइन पदवी घ्यावी. बारावी झालेल्या मुलाला मात्र ती स्वस्त पडते म्हणून देऊ नये.

तरीही ज्यांना घ्यायची असेल त्यांनी समाधानाचे टक्के विचारू नयेत. परीक्षा कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होते, शिक्षकाशी आठवड्याला किती वेळ प्रत्यक्ष बोलता येते, मागच्या तुकडीतले किती जण मध्येच सोडून गेले, हे विचारावे. आणि उत्तर लेखी मागावे.