ताळा न करता पाटी दाखवू नये

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. तेही नातवाशी.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीची बिलं त्याच्या छोट्याशा पायथॉन प्रोग्रामवर निघतात. त्यानं पाणीपट्टीचा हिशेब सुधारला आणि बिघडलं भलतंच. बिनभोगवटा शुल्क हे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घ्यायचं, असं सरकारनं २००१ साली ठरवलं. घरात मालकाची लेक राहत असेल तर तेही नाही. प्रोग्राम मात्र सरसकट पूर्ण बिलावर आकारू लागला. पुण्याला मुलाकडे राहणाऱ्या, ऐंशीच्या एका बाईंच्या घरात त्यांची लेक राहते. त्यांनी तीन महिने मुकाट्यानं पैसे भरले. "कम्प्युटर कसा चुकेल?" म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नातू म्हणतो, "आजोबा, एवढ्याशा प्रोग्रामला टेस्ट कशाला?"

हेच मला अमान्य आहे! मोठ्या कंपनीत चुका शोधायला माणसं असतात. लहान प्रोग्रामला एकटा कर्ता, म्हणजे त्यालाच टेस्ट जास्त हवी. पाचवीच्या पोरांना मी नवाचा ताळा शिकवायचो. २३ गुणिले १४, उत्तर ३२२. दोन्हीकडे ताळा ७ येतो. त्याला किती वेळ लागतो?

इथंही तेवढंच. सेवाशुल्क ३००० आणि भाडेकरू असेल तर ३००. लेक राहत असेल तर शून्य. मालक स्वतः असेल तर शून्य. या तीन ओळी पायटेस्टच्या फाईलीत लिहायच्या आणि प्रत्येक बदलानंतर त्या आपोआप चालतील अशी सोय गिटहबवर करायची. एका दुपारचं काम. माणूस कंटाळतो, यंत्र कंटाळत नाही.

२०१७ साली मुंबई विद्यापीठानं सगळ्या उत्तरपत्रिका एकदम ऑनलाइन तपासायला घेतल्या. ३१ जुलैची मुदत हुकली, मुलांचे पुढचे प्रवेश टांगणीला लागले, ऑक्टोबरात कुलगुरूंना जावं लागलं. आधी लहान प्रमाणावर पारखून न घेता घाई केली की असं होतं.

ताळ्यालाही मर्यादा आहेत, हे कबूल. ३२२ च्या जागी २३२ लिहिलं तरी ताळा ७ च येतो. म्हणून जी चूक सापडेल तिची टेस्ट आधी लिहायची, दुरुस्ती मग. ती चूक पुन्हा गुपचूप शिरत नाही.

असो. बाईंचे पैसे परत केले. नातू अजून फुगून बसलाय, पण काल रात्री त्या तीन ओळी लिहिल्यान. चौथी मी सांगणार आहे.